पीएचडी प्रवेश परीक्षेतला इंग्रजी उतारा: करिअर आणि ऑनलाइन व्यवसायाच्या ओळखीच्या विषयांवर गुण कसे वाचवायचे

पीएचडीच्या प्रवेश परीक्षेत इंग्रजी उतारा करिअरवर किंवा ऑनलाइन व्यवसायावर आला की उमेदवारांना हायसं वाटतं. विषय रोजचा, शब्द कानावरचे. आणि नेमके इथेच गुण जातात. पेशीविज्ञानावरचा उतारा समोर आला तर आपण निमूटपणे त्यात काय लिहिलंय ते शोधतो, कारण स्वतःचं असं काही मत नसतं. नोकरी बदलावी की टिकवावी, ऑनलाइन विक्रीत सवलत द्यावी की नाही, यावर मात्र प्रत्येकाचं मत आधीच तयार असतं. मग उत्तर उताऱ्यातून न येता त्या मतातून येतं आणि पर्याय रचणाऱ्याने नेमकं हेच हेरून ठेवलेलं असतं.

म्हणून पुढच्या सगळ्या टप्प्यांत एकच कसोटी लावायची आहे: निवडलेल्या प्रत्येक उत्तरासाठी उताऱ्यातली एक ओळ बोट ठेवून दाखवता आली पाहिजे. ओळ दाखवता येत नसेल तर ते उत्तर तुमचं आहे, उताऱ्याचं नाही.

टप्पा १: सरावाआधी परीक्षेची चौकट समजून घ्या

हे काम एका बैठकीत होतं, तरी बरेच जण ते टाळतात आणि चुकीच्या पद्धतीचा सराव महिनाभर करत राहतात. परीक्षेची माहितीपुस्तिका आणि जुन्या प्रश्नपत्रिका घ्या आणि या गोष्टींची उत्तरं कागदावर लिहा:

- उतारे किती, प्रत्येक साधारण किती शब्दांचा आणि त्यावर प्रश्न किती?
- इंग्रजीसाठी वेगळा वेळ आहे की एकूण वेळेतूनच तो काढायचा आहे?
- चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात का? किती?
- परीक्षा कागदावर की स्क्रीनवर? स्क्रीनवर असेल तर उतारा आणि प्रश्न शेजारी दिसतात का? मागच्या प्रश्नावर परत जाता येतं का?
- उत्तरं पर्यायांतून निवडायची आहेत की स्वतःच्या शब्दांत लिहायची आहेत?

स्क्रीनवर परीक्षा असेल तर सरावही स्क्रीनवरच करा. कागदावर पेन्सिलने खुणा करायची सवय लागलेल्या माणसाला स्क्रीनवर खूण करता आली नाही की तो उतारा पुन्हा पुन्हा पहिल्यापासून वाचत बसतो. अशा वेळी कच्च्या कागदावर परिच्छेदाचा क्रमांक आणि दोन-तीन शब्दांची टीप लिहायची सवय आधीच लागलेली हवी.

तपासा: वरच्या पाचही प्रश्नांची उत्तरं जुन्या प्रश्नपत्रिकेशी जुळतात का? नियम बदलले असतील तर चालू वर्षाची पुस्तिकाच खरी.

टप्पा २: शब्द आणि कल्पना, पण योग्य रीतीने

शब्दांची लांबलचक यादी पाठ करणं हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत कमी फळ देणारा उपाय आहे. या दोन विषयांत अडचण अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीच्या शब्दांची जास्त असते. शब्द माहीत असतो, पण उताऱ्यात तो वेगळ्या अर्थाने आलेला असतो.

'टर्नओव्हर' घ्या. विक्रीबद्दलच्या उताऱ्यात तो व्यवसायाची उलाढाल सांगतो, तर नोकरीबद्दलच्या उताऱ्यात कर्मचारी सोडून जाण्याचं आणि नवे येण्याचं प्रमाण. 'हाय टर्नओव्हर' पहिल्या उताऱ्यात चांगली बातमी असते, दुसऱ्यात बहुधा वाईट. 'रिटर्न' म्हणजे ग्राहकाने परत पाठवलेला माल किंवा गुंतवणुकीवरचा परतावा. 'फुलफिलमेंट' करिअरच्या उताऱ्यात समाधान, ऑनलाइन विक्रीच्या उताऱ्यात ऑर्डर बांधून ग्राहकापर्यंत पोहोचवण्याची सगळी प्रक्रिया. 'टेन्युअर' म्हणजे एखाद्या पदावर घालवलेला काळ, पण विद्यापीठाचा संदर्भ असेल तर प्राध्यापकाची कायम नेमणूक. 'कन्व्हर्जन' म्हणजे भेट देणाऱ्याचं खरेदीदारात रूपांतर, 'ट्रॅफिक' म्हणजे संकेतस्थळावर येणारी माणसं, 'चर्न' म्हणजे ग्राहक गळण्याचं प्रमाण. 'प्लॅटो' (plateau) ऐकायला नाव वाटलं तरी 'करिअर प्लॅटो' म्हणजे बढती थांबलेली, साचलेली अवस्था. 'लॅटरल मूव्ह' म्हणजे त्याच पातळीवरच्या दुसऱ्या कामात जाणं. त्यात बढती नाही, पण पदावनतीही नाही.

असे शब्द वहीत लिहिताना शब्दापुढे एकच मराठी अर्थ लिहू नका. शब्द, त्याच्या आजूबाजूला नेहमी येणारे शब्द आणि ज्या वाक्यात तो भेटला ते वाक्य, असं तिन्ही लिहा. वाक्याशिवाय लिहिलेला शब्द परीक्षेत आठवतो, पण कामाला येत नाही.

शब्दांइतकंच काम कल्पनांवर करा. करिअर आणि ऑनलाइन व्यवसायावरचे अभ्यासपूर्ण उतारे काही मोजक्या कल्पनांभोवती फिरताना दिसतात. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलेला मुद्दा असा, की नव्या नोकरीची खबर जवळच्या मित्रांपेक्षा लांबच्या ओळखींकडून मिळण्याची शक्यता जास्त, कारण जवळच्यांना तीच माहिती असते जी आपल्याला असते. जॉन हॉलंड यांनी व्यक्तिमत्त्वाचे सहा प्रकार मानून त्यांची सांगड कामाच्या वातावरणाशी घातली. डग्लस हॉल यांनी १९७६ मध्ये अशा करिअरची कल्पना मांडली, ज्याची दिशा संस्था नव्हे तर व्यक्ती स्वतः ठरवते. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन दाखवलं, की विक्रेत्याला मालाबद्दल जास्त आणि ग्राहकाला कमी माहिती असली की चांगला माल बाजारातून मागे हटू लागतो. ऑनलाइन खरेदीतले अभिप्राय, तारांकित गुण आणि परतीची हमी यांच्या चर्चेमागे बऱ्याचदा हाच विचार असतो. शिवाय 'नेटवर्क इफेक्ट': वापरणारे वाढले की सेवेची उपयुक्तता वाढते, म्हणून पुढे गेलेला प्लॅटफॉर्म आणखी पुढे जातो. आणि 'लाँग टेल': प्रत्येकी थोड्याच खपणाऱ्या असंख्य वस्तूंची एकत्रित विक्री मोठी भरते.

या कल्पना माहीत असल्या की उताऱ्याचा सांगाडा लवकर ओळखू येतो.

सावधान: त्यांचा उपयोग तेवढाच. उत्तर त्यांच्यावरून द्यायचं नाही. उताऱ्याचा लेखक ग्रॅनोव्हेटर यांचं म्हणणं खोडून काढत असू शकतो आणि 'हे तर मला माहीत आहे' असं वाटून तुम्ही नेमका उलटा पर्याय निवडाल.

टप्पा ३: लांब वाक्य फोडायला शिका

मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि वाक्याचा निकाल तिथे लागतो. इंग्रजीत कर्त्यानंतर क्रियापद यावं अशी अपेक्षा असते, पण अभ्यासपूर्ण गद्यात कर्ता आणि क्रियापद यांच्यात अख्खी दोन उपवाक्यं घुसलेली असतात. हे वाक्य पाहा:

'द प्लॅटफॉर्म दॅट वर्कर्स हू हॅव लॉस्ट देअर जॉब्ज टर्न टू रेअरली ऑफर्स अ स्टेडी इन्कम.'

घाईत वाचणारा 'वर्कर्स', 'लॉस्ट' आणि 'जॉब्ज' एवढंच उचलतो आणि वाक्य कामगारांनी नोकरी गमावण्याबद्दल आहे असं धरतो. आता फोडून पाहू. मुख्य क्रियापद 'ऑफर्स'. ते एकवचनी आहे, म्हणून त्याचा कर्ता 'वर्कर्स' असू शकत नाही, तो 'प्लॅटफॉर्म'. मधलं सगळं त्या प्लॅटफॉर्मचं वर्णन: नोकरी गेलेले लोक ज्याच्याकडे वळतात तो. मुख्य विधान इतकंच, की हा प्लॅटफॉर्म क्वचितच स्थिर उत्पन्न देतो. मराठीतली 'ज्याच्याकडे… तो' ही जोडी मनात धरली की असं वाक्य पटकन सुटतं.

फोडण्याचा क्रम कायम ठेवा. आधी मुख्य क्रियापद, मग त्याचा कर्ता, मग कर्म, आणि उरलेल्या भागाला 'कोणाबद्दल सांगतोय?' हा प्रश्न. रोज अशी पाच वाक्यं पुरेत, पण लिहून. मनातल्या मनात फोडलेलं वाक्य सुटल्याचा भास होतो.

याच टप्प्यात नकाराच्या छटा पक्क्या करा. एका छोट्या शब्दाने संपूर्ण उत्तर फिरतं आणि आपल्याकडे यावर कुणी फारसा वेळ देत नाही:

- 'फ्यू सेलर्स' म्हणजे जवळजवळ कुणीच विक्रेते नाहीत. 'अ फ्यू सेलर्स' म्हणजे काही विक्रेते. 'लिटल' आणि 'अ लिटल' यांचंही तसंच.
- 'नथिंग बट' म्हणजे फक्त तेवढंच. 'एनिथिंग बट' म्हणजे मुळीच तसं नाही. 'फार फ्रॉम' हेही नकारार्थी.
- 'नॉट अनकॉमन' म्हणजे बऱ्यापैकी आढळणारं. दोन नकार मिळून सौम्य होकार.
- 'हार्डली', 'सेल्डम', 'रेअरली' यांत 'नॉट' दिसत नसला तरी अर्थ नकाराकडेच झुकतो.
- 'नॉट बिकॉज… बट बिकॉज' यात पहिलं कारण लेखक नाकारतो. नाकारलेलं कारण पर्यायांत हमखास ठेवलेलं असतं.
- 'हॅड द फर्म नोन' अशी सुरुवात म्हणजे 'जर कंपनीला माहीत असतं तर'. म्हणजेच कंपनीला माहीत नव्हतं.

तपासा: वरची प्रत्येक छटा वापरून करिअरवरचं एक इंग्रजी वाक्य स्वतः लिहा. लिहिता आलं नाही तर वाचताना ती निसटणारच.

टप्पा ४: परीक्षेत उतारा वाचण्याचा क्रम

आधी प्रश्न वाचावेत की उतारा, यावर दोन तट आहेत. माझं मत असं: प्रश्न आधी वाचा, पण पर्याय वाचू नका. चारपैकी तीन पर्याय चुकीचे असतात. ते आधी डोक्यात गेले की उतारा वाचताना तुम्हाला तेच दिसू लागतात.

१. प्रश्नांवरून एकदा नजर फिरवा. कुठला प्रश्न विशिष्ट नाव, शब्द किंवा परिच्छेद विचारतो तेवढं टिपा. अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ देऊ नका.

२. पहिला परिच्छेद सावकाश वाचा. अशा उताऱ्यांची एक ठरलेली चाल असते: सुरुवातीला सर्वसाधारण समजूत आणि मग 'हाउएव्हर' किंवा 'येट' म्हणून लेखकाचं खरं म्हणणं. समजूत म्हणजेच लेखकाचं मत असं धरलं की पुढचे सगळे प्रश्न घसरतात.

३. बाकीचे परिच्छेद न थांबता वाचा. अनोळखी शब्द आला तर पुढे चला; पुढच्या दोन ओळींत त्याचा अर्थ बहुधा उलगडतो. वाक्यावाक्याचं मराठी भाषांतर करत बसू नका, त्यात वेळही जातो आणि धागाही सुटतो.

४. प्रत्येक परिच्छेदाशेजारी तीन-चार शब्दांची टीप करा. टीप मराठीत असली तरी चालेल. 'परि. २: सल्लागारांचं मत', 'परि. ३: लेखकाचा आक्षेप' एवढं पुरे.

५. वळणाच्या शब्दांवर खूण करा: 'हाउएव्हर', 'ऑलदो', 'डिस्पाइट', 'इन कॉन्ट्रास्ट', 'नेव्हरदलेस'. 'फॉर्मर' आणि 'लॅटर' आले की लगेच ठरवा, पहिला कोण आणि दुसरा कोण.

वेळेचा अंदाज हवाच. इंग्रजी मातृभाषा असलेला प्रौढ माणूस मनात वाचताना मिनिटाला साधारण २०० ते ३०० शब्द वाचतो. आपला वेग मिनिटाला १५० शब्द असला तरी ४५० शब्दांचा उतारा तीन मिनिटांत होतो. म्हणजे वेळ कमी पडण्याचं कारण वेग क्वचितच असतं; एकच उतारा चार वेळा वाचणं हे खरं कारण. पहिलं वाचन नीट झालं तर दुसऱ्यांदा फक्त हवी ती ओळ शोधायला जायचं असतं.

तपासा: वाचन संपल्यावर, प्रश्नांकडे वळण्याआधी, मनात दोन वाक्यं म्हणा. उतारा कशाबद्दल आहे? आणि त्याबद्दल लेखकाचं म्हणणं काय? दुसरं वाक्य सुचत नसेल तर पहिला आणि शेवटचा परिच्छेद पुन्हा पाहा.

टप्पा ५: प्रश्न काय मागतोय ते ओळखा

तपशिलाचा प्रश्न सोपा: ओळ शोधा, शब्द बदललेला पर्याय निवडा. उताऱ्यातले शब्द जसेच्या तसे उचललेल्या पर्यायाकडे मात्र संशयाने पाहा. शब्द तेच ठेवून नातं बदललेलं असू शकतं.

मध्यवर्ती कल्पनेच्या प्रश्नात पर्याय संपूर्ण उताऱ्याला पुरला पाहिजे. एकाच परिच्छेदापुरता खरा असलेला पर्याय चालत नाही.

अनुमानाचा प्रश्न सर्वाधिक गुण खातो. 'इन्फर', 'इम्प्लाय', 'सजेस्ट' हे शब्द दिसले की उमेदवारांना वाटतं, आता थोडी कल्पना लढवायची मोकळीक आहे. उलट आहे. योग्य अनुमान उताऱ्याच्या अगदी लगत असतं. लेखकाने जे सांगितलं ते खरं मानलं तर जे खरं असावंच लागतं, तेवढंच अनुमान. 'असू शकेल' हे अनुमान नव्हे.

शब्दार्थाच्या प्रश्नात माहीत असलेला अर्थ बाजूला ठेवा, शब्दाच्या जागी रिकामी जागा समजा, संदर्भावरून आपला शब्द भरा आणि मगच पर्याय पाहा. 'द सेव्हिंग्ज ऑन रेंट आर ऑफन ॲब्झॉर्ब्ड बाय ॲडव्हर्टायझिंग' यात 'ॲब्झॉर्ब्ड' म्हणजे तल्लीन नव्हे आणि पाणी शोषून घेणंही नव्हे. वाचलेला पैसा जाहिरातीत खर्ची पडतो. पर्यायांत 'फॅसिनेटेड' आणि 'सोक्ड' दोन्ही असतील, पण उत्तर 'यूज्ड अप'.

लेखकाच्या सुराचा प्रश्न आला तर टोकाचे शब्द बहुधा बाद होतात. अभ्यासपूर्ण लेखनात लेखक संतापलेला किंवा भारावलेला क्वचितच असतो. सावध, साशंक किंवा मर्यादित सहमती दाखवणारा असतो.

'एक्सेप्ट' आणि 'नॉट' असलेल्या प्रश्नांत तो शब्द अधोरेखित करा आणि प्रत्येक पर्यायापुढे 'आहे' किंवा 'नाही' लिहा. उलटा प्रश्न सरळ समजून गेलेले गुण सर्वांत वाईट, कारण उतारा पूर्ण समजलेला असतो.

टप्पा ६: पर्याय छाटणं, एका उदाहरणावर

खालचा उतारा सरावासाठी रचला आहे. परीक्षेत तो इंग्रजीत असेल. इथे छाटणीची पद्धत दिसावी म्हणून आशय मराठीत देतो.

> ऑनलाइन व्यवसायाला दुकान, गोदाम किंवा मोठं भांडवल लागत नाही, म्हणून तो कमी जोखमीचा मानला जातो. सुरुवातीच्या खर्चापुरतं पाहिलं तर हे खरं आहे. मात्र ज्या सोयीमुळे एक विक्रेता सहज आत येतो, त्याच सोयीमुळे त्याचे प्रतिस्पर्धीही येतात आणि वाचलेलं भाडं अनेकदा जाहिरातीवर खर्च होतं. काही करिअर सल्लागारांच्या मते नोकरी सांभाळून असा व्यवसाय केला तर जोखीम जवळपास उरत नाही. हा हिशेब वेळेची किंमत धरत नाही: संध्याकाळचे तास ऑर्डरी हाताळण्यात घालवणारा माणूस तेच तास आपलं मुख्य कौशल्य वाढवण्यात घालवू शकत नाही. यावरून असा व्यवसाय करूच नये असं ठरत नाही. जोखीम नाहीशी झालेली नसते, तिने जागा बदललेली असते, एवढंच.

पहिला प्रश्न: उताऱ्याची मध्यवर्ती कल्पना कोणती?

अ) ऑनलाइन व्यवसाय सुरू करायला कमी भांडवल लागतं.
आ) ऑनलाइन व्यवसायातली जोखीम संपत नाही, तिचं रूप बदलतं.
इ) नोकरी करणाऱ्याने ऑनलाइन व्यवसायात पडू नये.
ई) जाहिरातखर्चामुळे बहुतेक ऑनलाइन व्यवसाय बंद पडतात.

'अ' खरा आहे आणि हाच त्याचा सापळा. उताऱ्यात तो आहे, लेखकाला मान्यही आहे, पण ती लेखकाने सुरुवातीला दिलेली कबुली आहे. 'इ' हे वाचणाऱ्याच्या मनातलं मत. शेवटून दुसरं वाक्य ते सरळ नाकारतं. 'ई' मधलं 'बंद पडतात' उताऱ्यात कुठेच नाही. तुम्ही असे बंद पडलेले व्यवसाय पाहिले असतील, पण त्याला इथे किंमत नाही. उरतो 'आ', आणि त्याची ओळ शेवटचं वाक्य.

दुसरा प्रश्न: लेखकाला यांपैकी कोणतं विधान मान्य असेल?

अ) वाचलेल्या भाड्याइतकाच खर्च जाहिरातीवर होतो.
आ) सल्लागारांच्या हिशेबात पैशाव्यतिरिक्तची एक किंमत सुटते.
इ) कौशल्य वाढवल्याने मिळणारं उत्पन्न ऑनलाइन विक्रीपेक्षा जास्त असतं.
ई) नोकरी सांभाळून केलेल्या व्यवसायात जोखीम जवळपास नसते.

'अ' मध्ये 'इतकाच' हा शब्द घुसवला आहे. उतारा फक्त 'अनेकदा' म्हणतो. 'ई' उताऱ्यातून जवळजवळ जसाच्या तसा उचलला आहे, पण ते मत सल्लागारांचं, लेखकाचं नव्हे. परिच्छेदाशेजारी 'सल्लागारांचं मत' अशी टीप केली असेल तर हा पर्याय क्षणात बाद होतो. खरा घोटाळा 'इ' वर होतो. वाचताना तो पटतो, समंजस वाटतो. पण उतारा दोन्ही गोष्टींच्या उत्पन्नाची तुलना करतच नाही. एकच वेळ दोन ठिकाणी देता येत नाही, एवढंच सांगतो. बाकी राहिलेला 'आ' फारसा चमकदार नाही, किंबहुना जरा फिका वाटतो. अनुमानाच्या प्रश्नांत योग्य उत्तर बऱ्याचदा असंच फिकं असतं.

छाटताना प्रत्येक बाद पर्यायाला कारण द्या: अर्धवट, टोकाचा, उताऱ्याबाहेरचा, दुसऱ्याचं मत, उलटं कारण-परिणाम. 'बरोबर वाटत नाही' हे कारण नव्हे.

सावधान: दोन पर्याय उरले आणि निर्णय होत नसेल तर 'कोणता जास्त बरोबर?' असं विचारू नका. 'कोणत्या पर्यायातला कोणता शब्द उताऱ्यात सापडत नाही?' असं विचारा. बहुतेक वेळा एकच विशेषण किंवा क्रियाविशेषण दोषी असतं.

टप्पा ७: वेळ आणि वजा गुणांचा हिशेब

चार पर्याय असताना चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण जात असेल तर डोळे मिटून मारलेल्या अंदाजाचा सरासरी फायदा शून्य. एक पर्याय ठामपणे बाद करता आला तर तोच अंदाज सरासरी एक नवमांश गुणाने फायद्यात जातो. एक चतुर्थांश गुण जात असेल तर काहीही बाद न करताही किंचित फायदा असतो. म्हणून नियम सोपा ठेवा: एक तरी पर्याय कारणासह बाद झाला असेल तर उत्तर द्या, एकही नसेल आणि एक तृतीयांश गुण जाणार असेल तर सोडा. गुण वजाच होत नसतील तर एकही प्रश्न कोरा ठेवू नका.

एका प्रश्नावर दोन मिनिटांहून जास्त अडलात की खूण करून पुढे चला. परत जाता येत नसेल अशा परीक्षेत मात्र तिथेच निर्णय घ्या.

टप्पा ८: उत्तरं लिहायची असतील तर

काही ठिकाणी पर्यायांऐवजी उत्तर स्वतःच्या शब्दांत किंवा सारांश मागतात. तिथे दोन चुका ठरलेल्या: उताऱ्यातली वाक्यं जशीच्या तशी उतरवणं आणि शेवटी स्वतःचं मत जोडणं. आधी लेखकाचं मुख्य म्हणणं एका वाक्यात लिहा, मग त्याची कारणं, आणि 'द ऑथर आर्ग्यूज' किंवा 'अकॉर्डिंग टू द ऑथर' यांनी मत कोणाचं ते स्पष्ट ठेवा. 'मे' ला 'विल' आणि 'सम' ला 'ऑल' करू नका. संशोधनाच्या प्रवेशासाठी उत्तर तपासणारा नेमकं हेच पाहतो.

टप्पा ९: सराव आणि चुकांची वही

रोज तीन उतारे सोडवून उत्तरं पडताळून पुढे जाण्यापेक्षा एक उतारा सोडवून त्यावर तेवढाच वेळ विचार करणं जास्त उपयोगाचं. आधी वेळ लावून सोडवा. मग उत्तरं न पाहता, वेळेचं बंधन न ठेवता तोच उतारा पुन्हा सोडवा. त्यानंतरच उत्तरं पाहा. दुसऱ्या खेपेला सुधारलेली चूक घाईची असते. दोन्हीदा झालेली चूक समजुतीची. दोन्हींवर उपाय वेगळे आहेत.

वहीत प्रत्येक चुकीसाठी चार गोष्टी लिहा: प्रश्नाचा प्रकार, मी निवडलेला पर्याय मला का पटला, बरोबर उत्तराची उताऱ्यातली ओळ, आणि चुकीचं नाव. दुसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी. 'मला वाटलं, खऱ्या आयुष्यात असंच होतं' हे वाक्य वहीत वारंवार दिसू लागलं, तर तुमचा आजार इंग्रजीचा नाही आणि आणखी शब्द पाठ करून तो बरा होणार नाही.

अशा वेळी एक नेमका सराव करा. आयईएल्ट्स या इंग्रजीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेतल्या अकॅडेमिक वाचन चाचणीत ६० मिनिटांत ४० प्रश्न असतात. त्यातला 'ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन' हा प्रकार खोटं विधान आणि न सांगितलेलं विधान यांतला फरक करायला भाग पाडतो. तुमच्या परीक्षेत तो प्रकार नसला तरी काही दिवस तोच सोडवा. उताऱ्याबाहेरचे पर्याय त्यानंतर लगेच डोळ्यांत भरू लागतात.

सरावाचं साहित्य निवडताना करिअरवरच्या सल्ल्याचे हलकेफुलके लेख टाळा. त्यांची वाक्यं तुकड्यातुकड्यांची असतात आणि मतं सरळ. व्यवस्थापन, अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्राच्या शोधनिबंधांची प्रस्तावना आणि चर्चेचा भाग घ्या. तिथे दुसऱ्यांची मतं, आक्षेप आणि सावध विधानं एकाच परिच्छेदात गुंफलेली असतात आणि परीक्षेतला उतारा त्याच घडणीचा असतो. एक परिच्छेद वाचून त्यावर स्वतः एक प्रश्न आणि चार पर्याय रचा, त्यांतला एक पर्याय मुद्दाम 'पटणारा पण उताऱ्याबाहेरचा' ठेवा. तो रचता आला की दुसऱ्याने रचलेला ओळखता येतो.

शेवटच्या आठवड्यात नवे शब्द घेऊ नका. चुकांच्या वहीतले 'मला का पटला' हे रकाने वाचा आणि पूर्वी चुकलेले उतारे पुन्हा सोडवा. परीक्षेत ओएमआर पत्रिका असेल तर प्रत्येक उताऱ्याचे प्रश्न संपल्यावर लगेच गोल भरा आणि शेवटच्या प्रश्नाचा क्रमांक पत्रिकेवरच्या क्रमांकाशी जुळतो का ते पाहून मगच पुढच्या उताऱ्याकडे वळा.